पाण्यात न पडलेली माणसं

लिफ्टचं दार बंद होता होता लिफ्टमननं विचारलं, "बाई, तुम्ही देवमाशाच्या बहीण ना?" आणि लिफ्ट वर निघाली तरी बाईंच्या पोटातलं काहीतरी तळमजल्यावरच राहिलं. प्रश्न साधा होता, विचारणाराही साधा माणूस. गेली कित्येक वर्षं तो तिला सकाळी खालून वर न्यायचा आणि संध्याकाळी वरून खाली आणून सोडायचा. तिचं नाव त्यानं कधी विचारलं नव्हतं. पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर बसून ती नेमकं काय करते याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं. आज मात्र त्याला तिचा शोध लागला होता. "पेपरात फोटो आला ना त्यांचा. नाक अगदी सेम तुमचं." ती "हो" म्हणाली. आणखी काय म्हणणार? ती भावापेक्षा मोठी होती, म्हणजे नाक आधी तिचं होतं. सारखंच असेल तर त्याचं तिच्यासारखं म्हणायला हवं. पण तीन मजल्यांच्या प्रवासात एवढा हिशेब कोण ऐकून घेणार? ती उतरली तेव्हा लिफ्टमननं पहिल्यांदाच तिच्यासाठी दार हातानं धरून ठेवलं, आणि त्या दार धरण्यानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

देवमासा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अग्निशमन दलात पाणबुड्या. हे नाव त्याला दलातल्या मंडळींनी दिलं होतं, त्याच्या ऐसपैस देहावरून, आणि पाण्याखाली बराच वेळ काढून फूं करत वर येण्याच्या त्याच्या सवयीवरून. मग ते पेपरवाल्यांनी उचललं, शेजाऱ्यांनी उचललं, आणि आता आईसुद्धा फोनवर "आमचा देवमासा आलाय जेवायला" असं म्हणायची. गेल्या आठवड्यात त्यानं गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीतल्या पाण्यातून एका शाळकरी मुलीला जिवंत बाहेर काढलं. ती बातमी आली त्या दिवशी पेपर सकाळीच दारात येऊन पडला होता. फोटोत तो गुडघाभर पाण्यात उभा, हातांत ती मुलगी, केसांतून पाणी निथळतंय. तिनं फोटो पाहिला, फोटोखालची ठळक ओळ वाचली आणि पेपर घडी करून रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत तळाशी सारला. नवऱ्यानं विचारलं, "पेपर कुठाय?" ती म्हणाली, "आला नाही आज." इतकं साधं खोटं ती कधी बोलली नव्हती. कुणाचं चांगलं झालं की काही माणसांच्या पोटात दुखतं असं लहानपणी ऐकलं होतं, तेव्हा तिला ती माणसं लांबची कुणीतरी वाटायची. आता ती स्वतःच त्यांच्यात जाऊन बसली होती, आणि दुखणंही खरोखरच पोटात, बरगड्यांच्या जरा खाली, उजवीकडे होतं. डॉक्टर म्हणाले होते, पित्त असेल. तिनं पित्ताच्या गोळ्या घेतल्याही होत्या.

टेबलाशी बसून तिनं आजच्या सभेची विषयपत्रिका पुन्हा काढली. शेवटून दुसरा विषय तिचा होता. बुडण्याच्या घटना रोखण्यासाठी विविध खात्यांच्या नियमांत दुरुस्त्या. नावातच झोप यावी असा विषय, आणि तो तसाच असावा म्हणून तिनं मुद्दाम खटपट केली होती. बरीच वर्षं झाली, एक फाइल उत्तरासाठी तिच्याकडे आली होती. बागेतल्या तळ्यात एक म्हातारा गृहस्थ बुडाला होता. फाइल तिच्या आधी सगळ्या खात्यांत हिंडून आली होती आणि प्रत्येकानं सुंदर अक्षरात "आमच्याशी संबंधित नाही" असं लिहून ती पुढं ढकलली होती. वाचता वाचता तिला व्यवस्थाच उलगडत गेली. बागेतलं तळं उद्यान खात्याचं, तळ्यातलं पाणी पाणीपुरवठ्याचं, काठावरचा कठडा बांधकाम खात्याचा, आणि मेलेलं माणूस आरोग्य खात्याचं. जिवंत माणूस काठावर उभा असतो तेव्हा तो कुणाचाच नसतो. त्या दिवसापासून तिनं हे काम हाती घेतलं. वेगळी योजना मागितली असती तर मोठं नाव, मोठा फलक, उद्घाटन आणि वर्षभरात टाळं, हे तिनं पुष्कळ वेळा पाहिलं होतं. म्हणून तिनं योजना मागितलीच नाही. ज्याच्या त्याच्या नियमावलीत एकेक वाक्य घुसवायचं ठरवलं. इमारतीच्या पायाचा खड्डा उघडा असेल तर पुढच्या कामाचा परवाना नाही. बागेच्या कंत्राटातच काठाचं गवत कापणं आणि काठ उतरता ठेवणं. शाळेच्या वेळापत्रकात पाण्याचा एक तास. मालमत्ता विभागाकडच्या पडीक खाणींना कुंपण, आणि तेही कुंपण पडलं तर कुणी उभं करायचं त्या हुद्द्यासकट. कुणी बुडलंच तर सगळ्या खात्यांनी एका टेबलाशी बसून उत्तर द्यायचं, फाइल फिरवायची नाही. भाजीत मीठ घालावं तसं तिनं ते काम सगळीकडे थोडं थोडं घातलं होतं. मिठाची अडचण एवढीच की जेवून उठताना मीठ छान होतं असं कुणी म्हणत नाही.

आणि देवमासा तर ताटातला गोड पदार्थच. लहानपणापासून. शहरातल्या जुन्या तलावावर सुट्टीत सगळी पोरं जायची तेव्हा आई तिला म्हणायची, "लक्ष ठेव गं त्याच्यावर." ती पायरीवर बसायची. मांडीवर त्याचे कपडे, शेजारी त्याच्या चपला, मुठीत त्याचं घड्याळ. इतर मुली पाण्यात उतरायच्या, किंचाळायच्या, एकमेकींवर पाणी उडवायच्या, आणि ही मात्र एका काळ्या डोक्याकडे बघत राहायची, ते खाली गेलं की श्वास धरायची आणि वर आलं की सोडायची. त्यामुळं पोहायला तो शिकला आणि श्वास धरायला ती. एकदा मोठी मुलं त्याला कालव्याच्या दरवाजापाशी घेऊन निघाली, जिथं पाणी आत ओढून नेतं. त्याला हाका मारून उपयोग नव्हता. तिनं त्याचे कपडे उचलले आणि सरळ घराची वाट धरली. ओल्या चड्डीवर रस्त्यानं रडत, शिव्या देत तो तिच्यामागे आला, सगळी गल्ली हसली, आणि आई रागावली ती तिच्यावरच. "चारचौघांत त्याची शोभा कशाला केलीस?" ती काय सांगणार होती? तो आज बुडला नाही, असं म्हणत घरात शिरणारी मुलगी वेडीच ठरली असती. त्याच सुट्टीत त्यानं एका गटांगळ्या खाणाऱ्या पोराला केसांना धरून काठावर ओढलं, आणि आईनं ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगितली. अजून सांगते. दर वेळी गोष्टीत पाणी थोडं खोल होतं.

या गोष्टीचा तिला राग येत नसे असं ती स्वतःला बजावायची. राग कशाचा? भाऊ चांगला होता. तिच्या मुलीच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकड्यावर तोच झोपला होता. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाबद्दल जळफळाट झाला तर त्याला निदान तत्त्वाचं नाव देता येतं. चांगल्या माणसाबद्दल झाला की तो उघडानागडा तुमचाच असतो, आणि तो घेऊन लोकांसमोर चहा प्यावा लागतो, हसावं लागतं, "हो ना, लहानपणापासून धाडसीच आहे" असं म्हणावं लागतं. मागच्या आठवड्यात हे वाक्य ती इतक्यांदा बोलली होती की तिचं तोंड आलं होतं.

त्यातच साहेबांनी तिला परवा केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेब माणूस मवाळ, निवृत्तीला टेकलेला, कुणाला दुखवायचं नाही हे एकच धोरण आयुष्यभर पाळलेला. ते म्हणाले होते, "बाई, मागच्या सभेत काय झालं आठवतंय ना?" न आठवायला काय झालं? कोरम नव्हता. सदस्य सह्या करून निघून गेले होते, आणि मोजदाद झाली तेव्हा खुर्च्याच जास्त भरल्या. विषय पुढं गेला. ही तर या सभागृहाची शेवटची सभा, मुदत संपली, निवडणुका तोंडावर, आता कोण येतो? आणि नवं सभागृह आलं की सगळी खाती पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा आमच्याशी संबंधित नाही. साहेब पेपरवेट फिरवत म्हणाले, "तुमच्या भावाचा सत्कार ठेवू. तुमच्या विषयाच्या अगदी आधी. फोटो निघणार म्हटलं की सगळे येतील. तुम्हीच बोलवा त्यांना. घरचंच माणूस आहे." ती "बरं" म्हणाली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धुत होतं. तिला वाटलं, इतक्या वर्षांचं आपलं काम, शब्द न् शब्द आपला, आणि त्याला दारातून आत यायला वाट कुणाची पुसावी लागतेय, तर ह्याची.

फोनवर भाऊ म्हणाला होता, "तुझा विषय आहे? मग येतो की. सत्कारबित्कार मला नको होता खरं म्हणजे."

"थोडा वेळ उभा राहा फक्त."

"युनिफॉर्म घालू?"

"घाल," ती म्हणाली होती, आणि फोन ठेवल्यावर गोळी घेतली होती. पाण्याचा ग्लास भरताना तिच्या मनात आलं, सत्कार नको म्हणतो, म्हणजे विनयसुद्धा ह्याच्याकडेच. आपल्याला कुणी देतच नाही, तर नको कशाला म्हणायचं?

दुपारी सभागृह भरलं. असं भरलं की शिपायांना जादा खुर्च्या आणाव्या लागल्या. कधी तोंड न दाखवणारे सदस्य इस्त्रीचे कपडे घालून, केस विंचरून पहिल्या रांगेसाठी हुज्जत घालत होते. ती भिंतीकडेला, अधिकाऱ्यांच्या बाकावर बसली होती, मांडीवर फाइल. देवमासा आला तेव्हा बाकं वाजली. तो दारात जरा वाकला, खरं म्हणजे दार उंच होतं, वाकायची गरज नव्हती. त्याचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. तिच्या मनात आलं, सत्कारावर सत्कार, जागरणं होत असतील. अध्यक्षांनी भाषण केलं, धैर्य, शौर्य, शहराची मान, वगैरे. पुष्पगुच्छ दिला, पितळी ढाल दिली. मग बोला म्हणाले. भाऊ माइकशी गेला, ढाल कुठं ठेवावी ते न कळून ती काखेत धरली, आणि म्हणाला, "मी काही केलं नाही. हाताला लागली म्हणून ती वर आली. तेवढंच. थँक्यू." सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तीही उभी राहिली. टाळ्या वाजवताना तिला स्वतःचे तळहात लांबचे वाटले. मनात म्हणाली, किती सुंदर बोलला. मला वर्षानुवर्षं कागद भरूनही असं एक वाक्य जमलं नाही.

आणि मग, जे व्हायला नको होतं तेच झालं. टाळ्या थांबल्या तसे सदस्य त्याला घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर गेले, फोटोला. खुर्च्या मागं सरकल्याचे आवाज आले, आणि बघता बघता सभागृहात वारा खेळू लागला. सचिवांनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि बोटानं डोकी मोजली. अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले, "कोरम दिसत नाही. थोडी वाट बघू, नाहीतर उरलेले विषय पुढच्या सभागृहाकडे." साहेबांनी तिच्याकडे पाहून हात उडवले. बाहेरून हशा ऐकू येत होता. ती बसून राहिली. आणि तिला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय. आत कुठंतरी, बरगड्यांच्या खाली, दुखणं थांबलंय. विषय पडला तर तो कुणामुळं पडला हे आता सगळ्यांनी पाहिलं होतं. उद्या आईला सांगता आलं असतं, तुझ्या देवमाशानं माझं काम बुडवलं. आणि पुढं कधी एखाद्या खड्ड्यात, एखाद्या तळ्यात कुणी गेलंच, तर तिला उभं राहून सांगता आलं असतं की मी सांगत होते. तेव्हा सगळे तिच्याकडे बघतील. ते कुणीतरी तिला दिसलंही, तोंड नसलेलं, ओलं, आणि त्याच्याकडे बघताना तिला वाईट वाटलं नाही. ती इतकी घाबरली की फाइल मांडीवरून खाली पडली. ती न उचलताच ती बाहेर गेली.

पायऱ्यांवर गर्दी होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "फोटो आत काढायचाय. सभागृहात. आत प्रकाश चांगला आहे." प्रकाश आत मुळीच चांगला नव्हता, आत कायमचा अंधार असे, पण अधिकाऱ्यानं मोठ्यानं सांगितलेलं खोटं असावं असं कुणाला वाटत नाही. फोटोग्राफर कुरकुरला. भावानं तिच्याकडे पाहिलं, मग काही न बोलता वळला आणि आत चालू लागला, आणि त्याच्यामागे सगळे. "बसा ना सगळे, आपापल्या जागी बसलेले छान दिसतील," ती म्हणाली. बसले. सचिवांनी घाईघाईनं विषय वाचला, अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर?" आणि हात वर झाले, एका हातानं केस नीट करत काहींनी दुसरा वर केला. भावानंही केला. सचिव म्हणाले, "तुम्ही नाही हो, तुम्ही सदस्य नाही," आणि पुन्हा हशा झाला. विषय मंजूर झाला. चहा ओतायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. मग फोटो निघायचा राहिला होता. फोटोग्राफर म्हणाला, "कुठाय प्रकाश?" आणि तिच्याकडे बघून, "बाई, तुम्ही जरा तो पडदा धरता का बाजूला? धरून ठेवा, सोडू नका." तिनं जड, धुळकट पडदा दोन्ही हातांनी ओढून धरला. खिडकीतून उजेड आला तो नेमका देवमाशाच्या तोंडावर पडला. त्यानं हाक मारली, "ताई, तू ये ना इकडं." ती म्हणाली, "पडदा सुटेल."

कँटीनमध्ये नंतर ती दोघंच होती. पोरगेलेसे कारकून लांबून बघत होते. चहा आला. त्यानं ढाल खुर्चीखाली सरकवली आणि बिस्कीट चहात बुडवून तिथंच विसरला. तिला वाटलं, आता म्हणेल, अभिनंदन. म्हटलं असतं तर तिला तेही सोसलं नसतं.

"म्हणजे आता खाणीला कुंपण येणार?" त्यानं विचारलं.

"येणार. नियमातच आहे आता. कुणी लावायचं तेही आहे."

"मागच्या महिन्यात येणार होतं ना?"

"कोरम नव्हता."

तो मान डोलावत राहिला. मग म्हणाला, "मागच्या महिन्यात आलं असतं तर तो धाकटा वाचला असता."

"कोण धाकटा?"

त्यानं वर पाहिलं. "त्या मुलीचा भाऊ गं. पेपरात खाली होतं की सगळं. तू वाचलं नाहीस?"

बुडालेल्यांची प्रत्येक बातमी ती कापून ठेवायची. तेवढी एक तिनं रद्दीत, तळाशी सारली होती. आरोग्य खात्याकडून कागद यायला नेहमीप्रमाणे वेळ लागणार होता. म्हणजे आज दुपारी, या विषयावर, या सभागृहात, ही एक गोष्ट माहीत नसलेली अधिकारी कोण, तर ती.

"तो घसरला," भाऊ कपाकडे बघत म्हणाला. "ही काठावर होती, त्याच्यावर लक्ष ठेवायला. हिला पोहता येत नाही. तरी उतरली. मी खाली गेलो तो त्याच्यासाठी. पाणी गढूळ, हाताला कापड लागलं, मला वाटलं तोच. वर आणून बघतो तर ही. पुन्हा गेलो. पुन्हा पुन्हा गेलो. तो दुसऱ्या दिवशी सापडला. आणि ही शुद्धीवर आल्यापासून एकच विचारत होती, तो कुठाय. मला विचारत होती, ताई. मलाच. मी गाडीत जाऊन बसलो." त्याचा चेहरा कशानं सुजला होता ते तिला आता दिसलं. इतका वेळ समोर होता, पण ती फक्त टाळ्या बघत होती.

"आता कुठं आहे ती?"

"घरी. बोलत नाही म्हणतात. तिची आई तिच्याशी बोलत नाही, ती कुणाशीच नाही. मला बोलावलं होतं त्यांनी. दोनदा बाइक काढली, कोपऱ्यापर्यंत गेलो. नाही होत माझ्याच्यानं." बिस्कीट कपात विरघळून गेलं होतं. त्यानं चमच्यानं ते उगाच शोधलं. "तू जाशील?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढा मोठा, ऐसपैस माणूस, कँटीनच्या खुर्चीत मावत नव्हता, आणि तिच्याकडे मागत होता. आयुष्यभर तिनं एकच गोष्ट हवी म्हणून धरली होती, की ह्याला जमणार नाही असं काहीतरी एकदा आपल्या वाट्याला यावं. ते आलं होतं. आणि तिला ते नको होतं. ते त्यालाच जमावं, त्यानंच जावं, पुन्हा एकदा फोटो यावा, हवी तेवढी बाकं वाजावीत, असं तिला तळमळीनं वाटलं. त्या मुलीला काय सांगायचं हे साऱ्या पालिकेत कुणाच्याच नियमावलीत नव्हतं.

तिनं चहा संपवला. पर्स उचलली.

"घर कुठं आहे ते सांग," ती म्हणाली. "मी एकटीच जाते."